टॅग सुटतायत म्हणून अल्गोरिदम बदलायचा का? आणि तोच रोबोंच्या टकरीला चालेल का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: चाकांवरच्या रोबोवर आरएफआयडीचा यूएचएफ रीडर, म्हणजे मालावरचे छोटे टॅग रेडिओ लहरींनी लांबून वाचणारं यंत्र, चार अँटेनांसह बसवलाय, रोबो रॅकसमोरून अर्धा मीटर प्रति सेकंद वेगाने जातो, अँटेनाच्या पट्ट्यात एका वेळी साधारण २०० टॅग येतात आणि दर फेरीत तीस-चाळीस वाचायचे सुटतात. म्हणून तुम्ही विचारताय की एकदम बोलणाऱ्या टॅगना शिस्त लावणारा अलोहा अल्गोरिदम सोडून बायनरी ट्री घेऊ का. आणि पुढे असे तीन रोबो एकत्र सोडायचेत, तर ते एकमेकांवर आदळू नयेत म्हणून हाच अँटी-कोलिजन, म्हणजे टक्कर टाळणारा, अल्गोरिदम वापरता येईल का.

मी दोन्हीकडे काम केलंय, आधी बरीच वर्षं रीडर आणि मग फिरते रोबो, त्यामुळे हा गोंधळ कुठून येतो ते मला माहितीये. कोलिजन हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, पण त्याची किंमत एक नाहीये. दोन टॅग एकदम बोलले तर तुमचा एक मिलिसेकंदसुद्धा जात नाही, परत विचारलं की झालं. दोन रोबो आदळले तर परत विचारायला काही उरत नाही. म्हणून हवेतली टक्कर आपण हिशोबात धरतो, थोडी होऊच देतो, आणि जमिनीवरची टक्कर होऊच द्यायची नसते. आधी टकरीची किंमत ठरवा, मग कुठला अल्गोरिदम हा प्रश्न निम्मा सुटतो.

आता टॅगचं बघू. पॅसिव्ह टॅगला दुसरा टॅग ऐकू येत नाही. त्याच्याकडे स्वतःची पॉवर नाही, तो रीडरच्याच लहरी परतवून बोलतो, त्यामुळे आधी ऐका मग बोला हा वायफायवाला प्रकार तिथे जमत नाही, सगळी शिस्त रीडरनेच लावायची. त्यासाठी दोन घराणी आहेत. एक अलोहाचं, हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांनी १९७० च्या सुमारास रेडिओवरून कॉम्प्युटर जोडताना काढलेलं, ज्याला वाटेल त्याने वाटेल तेव्हा बोलावं आणि टक्कर झाली तर थांबून परत बोलावं. त्यात चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के उपयोग होतो, वेळेचे स्लॉट पाडले की ३६.८ टक्के. दुसरं घराणं ट्रीचं, म्हणजे टक्कर झाली की गटाचे दोन भाग करा, आधी एकाला विचारा मग दुसऱ्याला, असं एकच जण उरेपर्यंत.

पण तुमच्या बाबतीत हा निवडीचा प्रश्नच नाहीये. तुमचे टॅग जेन-टू या यूएचएफ टॅगच्या स्टँडर्डचे असणार, ते २००४ साली मंजूर झालं आणि २००६ मध्ये आयएसओ १८०००-६सी म्हणून आलं, आणि त्यात टॅगच्या चिपमध्येच स्लॉटवाली अलोहा पक्की बसवलेली आहे. टॅगला ट्री येतच नाही. ट्रीसारखा प्रकार तुम्ही १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांमध्ये बघितला असेल, आयएसओ १४४४३ टाइप ए, तिथे सगळी कार्डं एकाच तालात बिट पाठवतात आणि मँचेस्टर कोडिंगमुळे नेमका कुठल्या बिटवर घोळ झाला ते रीडरला दिसतं. यूएचएफ टॅगचं घड्याळ एवढं काटेकोर नसतं, परतीच्या फ्रिक्वेन्सीत काही सेटिंगला २२ टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं स्टँडर्डच म्हणतं, मग बिटला बिट जुळणार कसा.

आणि समजा जुळला असता तरी फार काही हाती लागलं नसतं. साध्या बायनरी ट्रीला दर टॅगमागे सरासरी २.८९ च्या आसपास स्लॉट लागतात आणि फ्रेम, म्हणजे एका फेरीतले स्लॉट, टॅगच्या संख्येशी नीट जुळवलेल्या अलोहाला २.७२. सुधारलेल्या ट्री याहून थोड्या बऱ्या पडतात, पण थोड्याच.

खरी गंमत पुढे आहे आणि हे गणित तुम्ही एकदा स्वतः कागदावर करून बघाच. जेन-टूमध्ये टॅग लगेच आपला ९६ बिटचा ईपीसी, म्हणजे आपला ओळख क्रमांक, पाठवत नाही, आधी फक्त १६ बिटचा एक रँडम आकडा पाठवतो, तो रीडरला नीट ऐकू आला आणि रीडरने तोच परत म्हणून दाखवला की मगच टॅग सगळं सांगतो. म्हणजे टक्कर होते ती त्या छोट्या आकड्यांची. मिलर-४ (टॅगने बिट पाठवायची एक पद्धत) आणि टॅगच्या परतीच्या फ्रिक्वेन्सीला २५० किलोहर्ट्झच्या आसपासचं सेटिंग धरलं तर यशस्वी स्लॉटला ढोबळमानाने ४ मिलिसेकंद जातात, टकरीच्या स्लॉटला ०.८ आणि रिकाम्या स्लॉटला ०.४. आता २०० टॅगना साधारण ५४४ स्लॉट लागले असं धरा, त्यात २०० यशस्वी, २०० रिकामे, १४४ टकरीचे. वेळ किती झाला? यशस्वी ०.८ सेकंद, रिकामे ०.०८, टकरी ०.११५. एकूण एक सेकंद. म्हणजे उद्या एखादा जादूचा अल्गोरिदम आला आणि एकही टक्कर झाली नाही, एकही स्लॉट रिकामा गेला नाही, तरी वाचणार किती, तर ०.२ सेकंद. उरलेला सगळा वेळ टॅग आपलं नाव सांगण्यात घालवतात आणि तो कुठलाच अल्गोरिदम वाचवू शकत नाही.

तुमचा पट्टा मीटरभर रुंद आहे असं धरलं तर प्रत्येक टॅग समोर दोन सेकंद असतो. लागतो एक सेकंद. मग तीस-चाळीस सुटतात का? इथे खरा तपास सुरू होतो, आणि उत्तर तुमच्या सेटिंगवर आणि जागेवर अवलंबून आहे. मला ज्या क्रमाने शंका येतात त्या क्रमाने सांगतो.

पहिली शंका अँटेनांची. तुम्ही लिहिलंय की चार अँटेना आहेत. बहुतेक रीडर चारही पोर्टवर एकदम बोलत नाहीत, आळीपाळीने बोलतात, म्हणजे दोन सेकंदांतले प्रत्येक अँटेनाच्या वाट्याला जेमतेम अर्धा सेकंद. चारही अँटेना वेगवेगळ्या उंचीवर असतील आणि त्यातल्या एकीसमोरच १५० टॅग असतील तर तिला पाऊण सेकंद हवा, तिला मिळतो अर्धा. तिथेच टॅग सुटले. अँटेनाचा वेळ सारखा वाटू नका, जिथे टॅग जास्त तिथे जास्त द्या. किंवा रोबोचा वेग निम्मा करून एक फेरी मारा, सुटणारे एकदम कमी झाले तर वेळच कमी पडत होता.

दुसरी शंका क्यूची. क्यू म्हणजे दोनाचा घात, त्यावर फ्रेममधल्या स्लॉटची संख्या ठरते, क्यू ४ म्हणजे १६ स्लॉट, क्यू ८ म्हणजे २५६, जास्तीत जास्त १५. रीडरने क्यू ४ वर खिळवून ठेवला असेल आणि समोर २०० टॅग असतील तर एका स्लॉटमागे साडेबारा टॅग येतात आणि कुणी एकटं सापडण्याची शक्यता लाखात तीन-चार, सगळी नुसती टक्कर. उलट भीतीपोटी क्यू १५ ठेवला तर ३२,७६८ स्लॉट, त्यातले जवळजवळ सगळे रिकामे, तेच संपायला १३ सेकंद. म्हणून आपोआप बदलणारा क्यू चालू ठेवा. त्याचं काम सोपं आहे, टक्कर झाली की क्यूमध्ये थोडी भर, रिकामा गेला की थोडी वजाबाकी, एकटा सापडला तर आहे तसंच, आणि ती भर ०.१ ते ०.५ मधली. मोठा क्यू असताना छोटी पायरी आणि छोटा क्यू असताना मोठी पायरी असं ठेवलं की तो उगाच वरखाली होत नाही. सुरुवात ४ पासून होते बऱ्याचदा, तुम्हाला गर्दी माहिती आहे तर थेट ७ किंवा ८ पासून करा.

इथे थोडं विषयांतर, कारण तुम्ही सिम्युलेशनही लिहिताय. उरलेले टॅग किती याचा अंदाज हवा असेल तर टकरीच्या स्लॉटची संख्या गुणिले २.३९ करा, हा शूट यांचा १९८३ चा आकडा, फ्रेम नीट जुळलेली असताना एका टकरीत सरासरी एवढे टॅग असतात. २०० टॅग आणि २५६ स्लॉट घेतले तर पहिल्या फ्रेममध्ये सरासरी ९२ एकटे, ११७ रिकामे आणि ४७ टकरी येतात. ४७ गुणिले २.३९ म्हणजे ११२, खरे उरलेले १०८. फ्रेम तंतोतंत जुळलेली नसतानाही हा आकडा इतका जवळ जातो हे मला अजूनही फार आवडतं. फक्त एक लक्षात ठेवा, सिम्युलेशनमध्ये दोघे बोलले की दोघेही गेले असं आपण धरतो, प्रत्यक्षात जवळचा टॅग इतका जोरात ऐकू येतो की लांबचा दबून जातो आणि रीडरला वाटतं एकटाच बोलला. टक्कर दिसत नाही आणि लांबचा टॅग गपचूप मागे पडतो.

तिसरी शंका, आणि फिरत्या रोबोत माझा सगळ्यात जास्त संशय हिच्यावरच असतो, ती सेशनची. वाचून झालेल्या टॅगने गप्प बसावं म्हणून त्याच्यात ए आणि बी असा झेंडा असतो, वाचला की तो ए वरून बी वर जातो. चार सेशन आहेत. एस० मध्ये पॉवर गेली की झेंडा लगेच परत ए. रोबो चालत असताना लहरींच्या उलटसुलट परावर्तनामुळे टॅगची पॉवर सारखी येते-जाते, मग तोच टॅग पुन्हा नवा होऊन रांगेत उभा राहतो, आणि जवळचे जोरदार टॅग वीस-वीस वेळा वाचले जातात तर मागचे कमजोर टॅग एकदाही नाहीत. तुमचा लॉग उघडा आणि एकूण रीड भागिले वेगळे टॅग काढा. दहाच्या वर आकडा आला तर उत्तर इथेच आहे. एस१ मध्ये झेंडा अर्धा ते पाच सेकंद टिकतो, पॉवर असो वा नसो. एस२ आणि एस३ मध्ये पॉवर आहे तोवर टिकतो आणि पॉवर गेल्यावरही किमान दोन सेकंद. एका रोबोच्या एका फेरीसाठी मी एस२ घेतो.

पण तीन रोबो म्हटल्यावर सावध व्हा. ते दोन सेकंद किमान आहेत, वरची मर्यादा स्टँडर्डने घातलेलीच नाही, काही चिप त्याहून कितीतरी जास्त वेळ धरून ठेवतात. आमच्याकडे एकदा दोन रोबो एकामागोमाग एकाच रांगेतून गेले, दोघांचंही सेशन एस२, आणि दुसऱ्याने रिपोर्ट दिला की रॅक जवळजवळ रिकामा आहे. आम्ही दोन दिवस अँटेना आणि केबल बदलत बसलो. टॅग शाबूत होते, पहिल्या रोबोने सगळ्यांना बी वर टाकलं होतं आणि दुसरा फक्त ए वाल्यांना हाका मारत होता. उपाय साधा, एकाला एस२ दुसऱ्याला एस३, आणि तिसऱ्याला एस१ द्या किंवा तो रांगेत शिरताना आधी सिलेक्टने, म्हणजे हव्या त्या टॅगना निवडणाऱ्या रीडरच्या कमांडने, सगळ्यांचे झेंडे ए वर आणा. ही गोष्ट मी इतकी लांबवून सांगतोय कारण तीन रोबो सोडल्यावर तुम्ही इथे अडकणार याची मला जवळजवळ खात्री आहे.

चौथी शंका अशी की हा टकरीचा प्रश्नच नसेल. टॅग धातूला चिकटलेला असेल, अँटेनाकडे टोक करून बसलेला असेल, दोन टॅग एकमेकांवर चिकटले असतील, तर कुठलाच अल्गोरिदम काही करू शकत नाही. हे तपासायची सोपी युक्ती आहे. रोबो सुटलेल्या टॅगसमोर उभा करा, काही हलवू नका, आणि सिलेक्ट कमांडने फक्त त्याच ईपीसीला बोलायला लावा. बाकी सगळे गप्प, म्हणजे टक्कर शून्य. तरीही तो बोलला नाही तर त्याला पॉवर पोचत नाहीये किंवा त्याचा आवाज आपल्यापर्यंत येत नाहीये. बोलला तर वेळ, क्यू नाहीतर सेशन. मात्र रोबो थोडा पुढेमागे करूनही बघा, कारण या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी साधारण ३३ ते ३५ सेंटीमीटर असते आणि परावर्तनामुळे निम्म्या अंतरावर, म्हणजे सतराएक सेंटीमीटरवर, मेलेल्या जागा तयार होतात. स्थिर रीडरला त्या जागा कायमच्या नडतात, रोबो त्यातून आपोआप बाहेर पडतो, हा रोबोचा मोठा फायदा.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर अल्गोरिदमला हात लावू नका, लॉगमधून रीडचं गुणोत्तर काढा, वेग निम्मा करून बघा, सिलेक्टची टेस्ट करा. या तिघांतून बहुतेक उलगडा होतो.

आता दुसरा अर्धा भाग, तीन रोबो. आधी हवेतलंच एक सांगतो जे लोक विसरतात. तीन रीडर म्हणजे रीडरचीच एकमेकांशी टक्कर. वेगवेगळे चॅनेल दिले की झालं असं वाटतं, पण त्याने फक्त रीडर एकमेकांना बधिर करणं कमी होतं. टॅगला चॅनेल निवडता येत नाही, तो जे येईल ते सगळं एकदम ऐकतो, दोन रीडरच्या मधोमध असलेल्या टॅगला दोघांचं बोलणं मिसळून कचराच ऐकू येतो. तिथे वेळ वाटून घेण्याशिवाय इलाज नाही. कलरवेव्ह नावाचा २००३ चा अल्गोरिदम हेच करतो, शेजारच्या रीडरना वेगवेगळे रंग म्हणजे वेगवेगळे वेळेचे स्लॉट. तुमचं काम त्याहून सोपं आहे कारण रोबो कुठे आहेत ते तुमच्या सर्व्हरला आधीच माहिती आहे. दोन रोबो ठरावीक अंतराच्या आत आले की आळीपाळीने बोलायचं, नाहीतर खुशाल एकदम. ते ठरावीक अंतर मात्र तुमच्या जागेत मोजूनच काढावं लागेल, लोखंडी रॅकच्या रांगांमध्ये ते फार बदलतं.

आणि जमिनीवरची टक्कर. अलोहा इथे चालत नाही, कारण अलोहाचा पायाच मुळी आधी टक्कर होऊ द्या मग बघू हा आहे. जुळलेल्या फ्रेममध्येसुद्धा २६ टक्के स्लॉट टकरीचे असतात. रोबोसाठी मी तीन थर वेगळे ठेवतो आणि ते एकमेकांत मिसळू देत नाही.

सगळ्यात खाली सेफ्टी लायडार, म्हणजे लेसरने अंतर मोजणारा सेन्सर, समोर ठरलेल्या अंतरात काही आलं की मोटरची पॉवर कापणार, मध्ये तुमचं सॉफ्टवेअर नाही. ते अंतर वेगावरून काढा. एक मीटर प्रति सेकंद वेग, ०.३ सेकंद प्रतिक्रिया आणि १ मीटर प्रति सेकंद वर्ग ब्रेक धरला तर ०.३ अधिक ०.५ म्हणजे ०.८ मीटर लागतात. तुमच्या अर्ध्या मीटरच्या वेगाला ०.१५ अधिक ०.१२५, म्हणजे २८ सेंटीमीटरच्या आत. वेग दुप्पट केला की थांबायला जवळजवळ तिप्पट जागा. शिवाय यावर थोडी जास्तीची जागा ठेवायचीच, फरशी ओली असते, चाकं झिजतात.

मधला थर समोरच्याला चुकवून जाण्याचा. १९९७ ची डायनॅमिक विंडो पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी चालते आणि एकट्या रोबोला पुरते, पण ती समोरचा दुसरा रोबोही हलतोय हे नीट धरत नाही. व्हेलॉसिटी ऑब्स्टॅकल पद्धती ते धरतात, त्यातही २००८ च्या रेसिप्रोकल प्रकारात दोघांनी निम्मं-निम्मं वळायचं असतं, नाहीतर दोघे एकाच बाजूला, मग परत दोघे दुसऱ्या बाजूला असं चालत राहतं. अरुंद रांगेत मात्र यातलं काहीच उपयोगी नाही, वळायला जागाच नसते.

म्हणून वरचा थर, वाहतुकीचा, आणि तुमचं खरं काम इथे आहे. रांगेला कुलूप लावा. रांगेत शिरण्याआधी रोबोने सर्व्हरकडून ती रांग मागून घ्यायची, मिळाली तर जायचं, नाही तर बाहेर मोकळ्या जागेत थांबायचं. आणि पुढची जागा मिळाल्याशिवाय हातातली सोडायची नाही, पण बाहेर पडायची वाट आधीच राखून ठेवलेली असल्याशिवाय आत शिरायचंही नाही, नाहीतर दोघे एकमेकांची जागा अडवून कायमचे उभे राहतात. वेळेसकट मार्ग आखणाऱ्या पद्धती आहेत, २००५ ची कोऑपरेटिव्ह ए-स्टार किंवा २०१२ ची कॉन्फ्लिक्ट बेस्ड सर्च, शेकडो रोबो असतील तर त्यांच्याशिवाय भागत नाही. तीन रोबोंना मी त्या वापरणार नाही. कारण तुमच्या रोबोचा वेग टॅगच्या गर्दीवर ठरायला हवा. मी असं करतो, शेवटच्या अर्ध्या सेकंदात किती नवे टॅग दिसले ते मोजायचं, आकडा कमी होत नसेल तर वेग कमी करायचा, जवळजवळ शून्यावर आला की पुढे जायचं. यामुळे सुटणारे टॅग खूप कमी होतात पण रोबो रांगेत किती वेळ घेईल ते आधी सांगता येत नाही, आणि मग सेकंदांवर आखलेलं वेळापत्रक सारखं मोडत राहतं. कुलूप मोडत नाही.

तरी एक गोष्ट टॅगकडून रोबोकडे नक्की नेता येते. दोन रोबो, दोघांत एकच प्रोग्राम, तिठ्यावर समोरासमोर, दोघेही दोन सेकंद थांबतात, दोघेही एकदम निघतात, परत थांबतात. ही समानता मोडायला दोनच मार्ग आहेत, क्रमांक नाहीतर नशीब. ट्री क्रमांक वापरते, अलोहा नशीब. टॅग शेकडो असतात आणि कोण समोर आहे ते माहितीच नसतं म्हणून तिथे नशीब स्वस्त पडतं. रोबो तीन, तिघांचे क्रमांक पाठ, मग क्रमांकाने प्राधान्य द्या, लहान क्रमांक आधी, आणि ज्याच्याकडे वाचलेला पण अजून न पाठवलेला डेटा आहे त्याला त्याहून आधी. सर्व्हरशी संपर्क तुटला तरच, आणि रोबो पूर्ण उभा असतानाच, एक ते पाच सेकंदांत रँडम वेळ थांबून परत प्रयत्न करायचा. चालत्या रोबोचा कुठलाही निर्णय मी कधी नशिबावर सोडलेला नाही.

आता तुम्ही एवढं करा: रीडरवर क्यू, सेशन आणि मिलरचं काय सेटिंग आहे ते इथे लिहा, एका फेरीच्या लॉगमधून एकूण रीड आणि वेगळे टॅग हे दोन आकडे टाका, आणि सुटलेल्यातले कुठलेही दहा टॅग घेऊन सिलेक्टची टेस्ट करून किती बोलले ते सांगा. तेवढं आलं की वेळ कमी पडतोय, सेशन चुकलंय की टॅगच नीट बसलेले नाहीत ते बघून पुढचं सांगतो.